राउटर बदलला, गल्ली बदलली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत धुळ्याच्या एका ताईंनी लिहिलं होतं, की घरातला इंटरनेटचा राउटर बदलल्यापासून त्यांचा प्रिंटर चालेनासा झाला, दुकानदार म्हणतो आतलं कार्ड उडालं, आता नवाच घ्या. ताईंना विनंती आहे, अजून घेतला नसेल तर चार दिवस दम धरा. प्रिंटर धडधाकट असण्याची शक्यता बरीच आहे. श्रावणात आमच्याकडे हेच झालं, फक्त प्रिंटरच्या जागी गाणी होती.

मी भुसावळचा. रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून निवृत्त झालो. निम्मं आयुष्य रुळाच्या कडेच्या खांबांपाशी आणि निम्मं रिले रूममध्ये गेलं. निवृत्तीनंतर हाताला चाळा हवा म्हणून घरातल्या गाण्यांचा एक सर्व्हर केला. सर्व्हर म्हटलं की लोकांना बँकेतली थंडगार खोली आठवते. आमचा सर्व्हर म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय ४ नावाचा बोर्ड आणि त्याला लावलेली दोन टेराबाइटची हार्ड डिस्क. दोन्ही मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीच्या वरच्या फळीवर. त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालतो. २०२४ पर्यंत त्याचं नाव लॉजिटेक मीडिया सर्व्हर होतं, काहींना त्या नावाने ओळखीचा असेल. हॉलमध्ये तसलाच आणखी एक बोर्ड जुन्या अॅम्प्लिफायरला जोडलाय, तो वाजवणारा. फोनवर गाणं निवडायचं, ते मागच्या खोलीतून निघतं आणि हॉलमधल्या स्पीकरवर वाजतं. या सगळ्यात बाहेरच्या इंटरनेटचा काही संबंध नाही. पुढच्या चौकात खोदकामात केबल तुटली तरी घरातली गाणी घरात वाजतात, त्यासाठीच तर हा खटाटोप.

डिस्कवरची बाकी गाणी कुठेही मिळतील. एक ध्वनिमुद्रण मात्र दुसरीकडे कुठेच मिळायचं नाही. १९८९ साली गावच्या घरी, रोटांच्या म्हणजे कानबाईच्या उत्सवाच्या रात्री, मी आईची कानबाईची गाणी टेप केली होती. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू. खानदेशाबाहेर आपला पेपर वाचणाऱ्यांसाठी सांगतो: नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची देवी कानबाई बसते, भाऊबंद गोळा होतात, रात्रभर बायका गाणी म्हणतात, आणि सोमवारी सकाळी ती नदीवर निघते. टेपवर आईचा आवाज आहे, मागे काकूंचा, मध्येच कोणाचं तरी तान्हं रडतं, आणि एका ठिकाणी आई मला अहिराणीत म्हणते, "बंद कर रे भाऊ ते, मन्हा आवाज काय चांगला शे का?" मी बंद केलं नव्हतं, एवढं शहाणपण त्या वयात कुठून आलं कोण जाणे. पुढे कॅसेटला बुरशी धरायला लागली तेव्हा पेन्सिलीने रीळ फिरवून, रुईच्या बोळ्याने टेपचं हेड पुसत पुसत, ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. गेली काही वर्षं कानबाईच्या रात्री आम्ही ती लावतो. आता आमच्या गल्लीत ती गाणी पाठ असलेल्या दोनच बायका उरल्यात. बाकीच्या आईच्या आवाजामागून म्हणतात.

तर यंदा कानबाईच्या आधीच्या बुधवारी आमच्या इंटरनेटवाल्यांचा पोरगा आला. जुनी लाइन काढून फायबर टाकलं, भिंतीवर नवा पांढरा राउटर लावला, माझा आणि सौ.चा फोन स्वतःच जोडून दिला, व्हिडिओ चालवून दाखवला आणि पाऊण तासात निघून गेला. काम स्वच्छ होतं, भिंतीवर एक भोकसुद्धा जास्तीचं नाही. गुरुवारी संध्याकाळी मी फोनवर गाण्यांचं अॅप उघडलं तर 'सर्व्हर सापडला नाही'.

इथे मी एक कबुली देतो. रेल्वेत आम्ही खलाशी, म्हणजे मदतनीस, पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो की लाइनचा फॉल्ट टोकापासून शोधत जाऊ नका. मधल्या स्टेशनला थांबा, दोन्ही बाजूंना तपासा, निम्मा सेक्शन बाद करा, उरलेल्याचा पुन्हा निम्मा करा. वीस खांब चढायच्या जागी पाच चढावे लागतात. आणि घरच्या फॉल्टला मी काय केलं? थेट कोठीवर चढलो. बोर्डचा लाल दिवा स्थिर होता, म्हणजे वीज नीट मिळत होती. हिरवा लुकलुकत होता, म्हणजे बोर्डातलं मेमरी कार्ड वाचलं जात होतं. केबलच्या खोबणीतले दिवेही चालू. एवढं दिसल्यावर तिथून उतरायला हवं होतं. पण मला वाटलं उंदराने केबल कुरतडली असेल. केबल बदलली. मग वाटलं क्लिप तुटलीय, नवीन कनेक्टर दाबून बसवला, आठ तारांचे रंग दिव्याखाली धरून. रात्री साडेबारा वाजले. सौ. अमळनेरकडची, ती दारात उभी राहून म्हणाली, "काय करी राहिनात एवढ्या रातले?" मी म्हटलं, लाइन तपासतोय. ती म्हणाली, रिटायर झाल्याचं कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?

शुक्रवारी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ धून ऐकल्यावर एक मुलगा हिंदीत बोलला. "सर, आपका इंटरनेट चल रहा है?" चालू आहे. "तो फिर हमारी तरफ से सब ठीक है।" मी त्याला सांगितलं, बाबा, बाहेरचं जग दिसतंय, माझीच मागची खोली दिसत नाहीये. तो गोंधळला. मग म्हणाला, सर्व्हर को फॅक्टरी रीसेट कर दीजिए. हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. मला माहीत होतं डिस्कची दुसरी प्रत नाशिकला मुलीच्या कपाटात आहे. पण प्रत नसलेला एखादा भला माणूस हा सल्ला ऐकून खरोखर बटण दाबेल, आणि ज्याचं काहीच बिघडलेलं नाही ते पुसून बसेल.

पुण्याच्या पुतण्याचं मत वेगळं. "काका, सगळं ऑनलाइन मिळतं, कशाला ते डबडं सांभाळता?" त्याने तिथल्या तिथे कानबाईची गाणी शोधून पाठवली. चार सापडली, चारही डीजेवर.

शुक्रवारी रात्री जेवताना डोक्यात प्रकाश पडला. मधलं स्टेशन कोणतं? राउटर. सर्व्हर आणि फोन दोघंही त्याच्यापाशी येतात आणि बुधवारी बदलला तोही तोच. लॅपटॉप राउटरखालच्या स्टिकरवरचं नाव आणि पासवर्ड घालून वायफायला जोडला आणि त्याला मिळालेला पत्ता पाहिला: १९२.१६८.१.५. माझी सामानाची वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: सर्व्हर, १९२.१६८.०.५०. तिसरा आकडा बघा. एकात एक, दुसऱ्यात शून्य. सगळा घोळ एवढाच होता.

ज्यांना हे आकडे परके आहेत त्यांच्यासाठी रेल्वेच्या भाषेत सांगतो. कंट्रोल फोन म्हणून एक प्रकार असतो. एका सेक्शनमधली सगळी स्टेशनं एकाच लाइनवर, प्रत्येकाचा हाक मारायचा क्रमांक वेगळा. कंट्रोलर हवा त्या स्टेशनची घंटी वाजवतो. पण एखाद्या स्टेशनचा फोन चुकून शेजारच्या सेक्शनच्या लाइनला जोडला गेला, तर फोन उत्तम, वायर उत्तम, मास्तर जागा, आणि तरी इकडून कितीही हाका मारा, उत्तर नाही. घरातल्या नेटवर्कमध्ये बहुधा पहिले तीन आकडे म्हणजे सेक्शन आणि शेवटचा आकडा म्हणजे स्टेशन. जुना राउटर शून्याच्या सेक्शनचे पत्ते वाटायचा, नवा एकाच्या सेक्शनचे वाटतो. फोन, लॅपटॉप, हॉलमधला बोर्ड ही मंडळी आल्या आल्या राउटरकडे पत्ता मागतात आणि मिळेल तो घेतात, त्यामुळे ती आपोआप नव्या सेक्शनमध्ये गेली. सर्व्हर मात्र पत्ता मागतच नव्हता. त्याला मी कायमचा पत्ता लिहून दिलेला होता.

तो का दिला होता? लाइट जाऊन आली की दर वेळी पत्ता बदलायचा आणि मला शोधत बसावं लागायचं. म्हणून मीच बोर्डात तो पक्का केला. त्या वेळी स्वतःवर खूश झालो होतो. पत्ता पक्का करायचाच तर राउटरमध्ये करावा, म्हणजे यंत्र विचारतं आणि राउटर त्याला दर वेळी तोच देतो, हे मला ठाऊक होतं आणि कंटाळा केला होता. म्हणजे या गुन्ह्यात निम्मा वाटा माझा.

आता पेच असा, की ज्या यंत्राला हाकच पोचत नाही त्याला नवा पत्ता सांगायचा कसा? सर्व्हरला ना पडदा ना कीबोर्ड. शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन कोठीशेजारी स्टूल टाकून बसलो. सर्व्हरची केबल राउटरमधून काढून सरळ लॅपटॉपमध्ये खोचली. पूर्वी अशा जोडणीला क्रॉस केबल लागायची, आताची यंत्रं ते आपलं आपण जुळवून घेतात. लॅपटॉपने स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला. ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पत्ता वाटणारं कोणी भेटलं नाही की यंत्र स्वतःच असा तात्पुरता पत्ता लावून बसतं. कुठल्याही कॉम्प्युटरवर १६९.२५४ दिसला तर समजावं, राउटरपर्यंत बोलणं पोचलेलं नाही. मग मी लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.१० हा पत्ता दिला, खाली मास्क (पत्त्यातले किती आकडे सेक्शनचे ते सांगणारा) २५५.२५५.२५५.०. म्हणजे मीच उठून सर्व्हरच्या जुन्या सेक्शनमध्ये जाऊन बसलो. आणि पिंग मारलं, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक दिली.

पहिली ओळ आली, उत्तर, एक मिलिसेकंदाच्या आत. दुसरी आली. तिसरी. मी स्टुलावर बसून त्या ओळी वाचत राहिलो. मेल्या लाइनवर पलीकडून "हां, बोला" असं ऐकू आलं की कसं वाटतं, ते लाइनवर काम केलेल्यालाच कळेल.

लॅपटॉपवरूनच सर्व्हरच्या आत शिरलो, पण पुढे अजून एक अडथळा होता. वहीत लिहिलं होतं की पत्ता अमुक फाइलमध्ये आहे, आणि ती फाइल तिथे नव्हतीच. मध्यंतरी कार्ड खराब झालं म्हणून पुतण्याने नवी प्रणाली घालून दिली होती. रास्पबेरी पायच्या प्रणालीच्या २०२३ पासूनच्या आवृत्तीत हा कारभार नेटवर्क मॅनेजर नावाच्या प्रोग्रामकडे गेला आहे. एनएमटीयूआय असं टाइप केलं की निळ्या पडद्यावर साधा मेनू उघडतो. तिथे 'मॅन्युअल'चं 'ऑटोमॅटिक' केलं, जुना पत्ता खोडला, रीबूट दिला, केबल परत राउटरला लावली. लॅपटॉपचा हाताने दिलेला पत्ताही आठवणीने काढला, हे विसरलं तर नवीनच फॉल्ट तयार होतो. दोन मिनिटांनी राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत सर्व्हर दिसला. त्याच यादीतून त्याला १९२.१६८.१.५० हा पत्ता राखून ठेवला. लॅपटॉपवर तो पत्ता आणि पुढे ९००० हा गाण्यांच्या प्रोग्रामच्या दाराचा क्रमांक घालून पान उघडलं. सगळे अल्बम जागच्या जागी. हॉलमधला बोर्ड तर मी काही न करताच यादीत आला. एका सेक्शनमध्ये आले की हे दोघं एकमेकांना हाक मारून शोधतात.

आणि फोनवर? 'सर्व्हर सापडला नाही'.

खोटं कशाला सांगू, फोन आपटावासा वाटला. पण या वेळी नियम पाळला. लॅपटॉपवर दिसतंय म्हणजे सर्व्हर बाद, केबल बाद, राउटर बाद. उरला फोन आणि त्याचं वायफाय. फोनचा पत्ता १९२.१६८.१.७, म्हणजे सेक्शनही बरोबर. मग वायफायचं नाव पाहिलं. शेवटी 'गेस्ट'. त्या पोराने दोन वायफाय चालू केले होते, एक घरचं आणि एक पाहुण्यांचं, आणि पाहुण्यांचा पासवर्ड सोपा म्हणून आमचे दोन्ही फोन त्यावरच टाकले होते. पाहुण्यांच्या वायफायला ओसरीपर्यंतच मुभा असते. इंटरनेट वापरा, घरातल्या इतर यंत्रांकडे बघू नका. सोय चांगलीच आहे, पण घरमालकालाच ओसरीवर बसवलं होतं. फोन घरच्या वायफायवर घेतला आणि हॉलमध्ये कोणीतरी तबल्यावर थाप मारली. सौ. स्वयंपाकघरातून पिठाच्या हाताने बाहेर आली.

एवढं सगळं झाल्यावर संध्याकाळी चहा पिताना लक्षात आलं, की राउटरच्या त्याच पानावर राउटरचा स्वतःचा पत्ता बदलायची सोय होती. तिसऱ्या आकड्यात एकाच्या जागी शून्य घातलं असतं, तर सर्व्हरला हातही न लावता सगळं पूर्ववत झालं असतं. दोन मिनिटांचं काम. मी दोन रात्री आणि एक कनेक्टर घालवला. पुढच्याच आठवड्यात बाजारातल्या ओळखीच्या किराणा दुकानदाराचे कॅमेरे मोबाइलवर दिसेनात, त्याचाही राउटर नुकताच बदललेला. त्याच्या डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला, असाच पक्का पत्ता होता. तिथे मी तो एक आकडा बदलला आणि पाच मिनिटांत मोकळा झालो. तो डीव्हीआर बदलायच्या तयारीत होता.

माझी तक्रार त्या पोरावर नाही. दिवसभर उन्हापावसात शिड्या चढतो तो, त्याला जे शिकवलं तेच करणार. तक्रार त्याला शिकवणाऱ्यांवर आहे. जुना राउटर काढण्याआधी त्याचा पत्ता आणि वायफायचं नाव एका चिठ्ठीवर उतरवून घ्यावं, आणि नव्यात शक्यतो तेच घालावं. नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला तर घरातले टीव्ही, प्रिंटर, पंखे सगळे न विचारता जोडले जातात. 'घरात कॅमेरा, प्रिंटर असं काही पक्क्या पत्त्याचं आहे का,' एवढा प्रश्न विचारावा. रेल्वेत एक रिले बदलला तरी रजिस्टरला नोंद आणि सही लागायची. इथे अख्ख्या घराचे पत्ते बदलतात आणि मागे कागदाचा कपटासुद्धा राहत नाही. आणि मदत क्रमांकावर बसलेल्यांना इंटरनेट आणि घरातलं नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी कोणी सांगावं. मराठीत सांगितलं तर फारच बरं.

धुळ्याच्या ताईंसाठी: प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून निघते. त्या कागदावरचा पत्ता आणि तुमच्या फोनचा वायफायमधला पत्ता शेजारी ठेवा. पहिले तीन आकडे जुळत नसतील तर प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता 'ऑटोमॅटिक' करा. कागदावर वायफायचं जुनंच नाव दिसलं तर नवं निवडून पासवर्ड द्या, आणि बरेच प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात, पाचचं त्यांना दिसतच नाही, तेही तपासा. नाव 'गेस्ट' नाही ना, ते पाहा. कार्ड उडालं असतं तर तो कागद नीट निघाला नसता, असं माझा अनुभव सांगतो.

आमच्याकडे रविवारी कानबाई बसली. रात्री अकराच्या सुमारास कॅसेट लावली. शेजारच्या सूनबाईंनी या वेळी वही आणली होती, शब्द उतरवून घ्यायला. दुसऱ्या गाण्यात तान्हं रडलं तसं आमच्या मांडीवरचं नातवंड दचकून स्पीकरकडे बघायला लागलं. राउटरच्या अंगावर मी आता जाड अक्षरात पत्ते लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय. सौ. ती बघून म्हणाली, "लोके देवना फोटो लावतस, तुम्ही आकडा लावात."

ताईंचा प्रिंटर एवढं करूनही नाही चालला, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. भुसावळहून धुळ्याला मी महिन्यातून एकदा येतोच. फी म्हणून चहा पुरे, साखर कमी.

आपला नम्र,
रेल्वेचा एक निवृत्त टेलिकॉम तंत्रज्ञ,
भुसावळ, जि. जळगाव

(नाव व पत्ता आपल्याकडे वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)